‘बरंय गं’वर विसंबू नकोस

“सासूबाई आठ महिने नर्सिंग होममध्ये आहेत. आम्ही दर रविवारी अकराला न चुकता जातो. विचारलं की ‘बरंय गं’ एवढंच म्हणतात. परवा दंडावर चार निळे डाग दिसले. नर्स म्हणाली, कुठेतरी आपटलं असेल. तक्रार केली तर राग आईंवरच निघेल, अशी भीती वाटते.” न्यू जर्सीच्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. (अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या, आजारी माणसांनी राहायची, शुश्रूषेची जागा.) शिवाय मुलगा आजीशी मराठी बोलत नाही आणि पुण्याचे नातेवाईक ‘टाकलंत तिला’ म्हणतात, हेही दुःख आहेच.

नातेवाइकांना बोलू दे. रात्री तीनला कूस बदलायला त्यातलं कोणी येणार नाही.

मला खटकलं ते ‘दर रविवारी अकराला’. अगं, ठरल्या वेळी गेलीस तर ठरलेलंच दिसणार! आमचे अण्णा ओहायोत अशाच एका ठिकाणी होते. शनिवारी सकाळी गेलं की दाढी केलेली, शर्ट स्वच्छ. एका गुरुवारी रात्री आठला मी ऑफिसातून परस्पर गेले. ट्रेवरचं झाकणही उघडलेलं नव्हतं, बेलची वायर पलंगामागे पडलेली, ओठांना पापुद्रे. अण्णा इंग्रजी विसरत चालले होते, ‘पाणी, पाणी’ म्हणत होते. कुणी हात उगारला नव्हता, पण दुर्लक्ष हासुद्धा छळच. आणि मी विचारलं तर म्हणाले, “बरंय.” आपली पिढीच्या पिढी तक्रार न करण्यात वाढलीय, म्हणून विचारण्यापेक्षा बघ. टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी लाल झालीय का, कपडे सैल होताहेत का, भर दुपारी गुंगीत असतात का, अमुक एक बाई खोलीत आली की अंग चोरतात का.

डागांबद्दल: रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर साध्या धक्क्यानेही काळंनिळं पडतं. पण दंडाच्या आतल्या बाजूला बोटांसारखे डाग असतील तर ‘आपटलं असेल’ हे उत्तर घेऊन परत फिरू नकोस. तारीख दिसेल असे फोटो काढ, डॉक्टरांना दाखवायला सांग, घटनेची लेखी नोंद माग.

भीती मला कळते, मीही तीन दिवस गप्प बसले होते. ते तीन दिवस अजून टोचतात. अमेरिकेत 1987 च्या केंद्रीय कायद्याने नर्सिंग होममधल्या रहिवाशांना हक्क दिलेत, तक्रारीचा सूड उगवणं बेकायदा आहे. छळाचा आरोप झाला की संस्थेने 2 तासांच्या आत राज्याच्या यंत्रणेला कळवायचं असतं. ते कळवतील म्हणून थांबू नकोस, तूही राज्याच्या आरोग्य खात्याकडे तक्रार कर. प्रत्येक राज्यात नर्सिंग होमच्या रहिवाशांसाठी ऑम्बुड्समन, म्हणजे त्यांच्या बाजूने तक्रारींचा पाठपुरावा करणारा माणूस, असतो. तो फुकट मदत करतो आणि परवानगीशिवाय नाव उघड करत नाही. नंबर तिथल्याच भिंतीवर लावलेला असतो, नाही सापडला तर ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर, 1-800-677-1116 वर, विचार. जिवावरचं असेल तर सरळ 911.

मुलाचं म्हणशील, तर त्याला सोबत ने, आजीचा हात धरून बसू दे. मराठीचं नंतर पाहू.

आणि रविवारची वाट पाहू नकोस. उद्याच जा, रात्रीच्या जेवणाच्या वेळी, फोन न करता. घरच्या माणसाला भेटायला वेळेचं बंधन नाही, आईंची हरकत नसली म्हणजे झालं. आधी बेल हाताशी आहे का बघ, मग बाही वर करून दुसरा दंड बघ.