घराण्यातला आजार, जनुके आणि मुलीची सोयरीक

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला कॉलेजात असताना स्किझोफ्रेनिया झाला. गोळ्या सुरू आहेत आणि शेतीची कामे तो नीट करतो. आता मुलीची सोयरीक जुळत आली असताना मुलाकडची मंडळी विचारतात की, लग्नाआधी सिकलसेलचा रिपोर्ट पाहतात तसा या आजाराचा जनुकीय रिपोर्ट मिळेल का? हा आजार मेंदूच्या कोणत्या पेशींशी संबंधित आहे, हे कळल्याचेही वाचनात आले. मग तपासणी का होत नाही?
— एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : ज्याच्या भरवशावर लग्न ठरवावे किंवा मोडावे असा रिपोर्ट या आजारासाठी उपलब्ध नाही, आणि कोणी तो देऊ केला तरी त्यावर पैसे खर्च करू नयेत. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एकाच जनुकातील एक अक्षर बदललेले असते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्य ग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून आपल्या विदर्भात ती तपासणी लग्नाआधी करून घेणे योग्यच आहे. स्किझोफ्रेनियाचे असे एकच जनुक नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ७६,७५५ रुग्णांचा डीएनए हा आजार नसलेल्यांच्या डीएनएशी ताडून पाहिला, तेव्हा आजाराशी संबंध असलेली २८७ ठिकाणे सापडली. तेथील बदल निरोगी माणसांतही सर्रास आढळतात आणि एकेकाने धोका अगदी किंचित वाढतो.

पेशींचे संशोधन येथूनच पुढे जाते. शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए तोच असला, तरी कोणती जनुके चालू आणि कोणती बंद, हे पेशीगणिक बदलते. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूचा तुकडा गोठवून ठेवला की पेशींचे आवरण फुटते, पण आतले केंद्रक बहुधा शाबूत राहते. अशी हजारो केंद्रके वेगळी करून प्रत्येकातील आरएनए, म्हणजे चालू जनुकांच्या नकला, वाचला, की त्या पेशीत कोणती जनुके चालू होती ते कळते. २०२३ साली याच पद्धतीने मानवी मेंदूतील तीन हजारांहून अधिक पेशीप्रकारांची नोंद झाली. स्किझोफ्रेनियाशी संबंधित जनुके प्रामुख्याने चेतापेशींत चालू असतात, संदेश पुढे नेणाऱ्या आणि त्यांना आवर घालणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या. अल्झायमरचा अनुवांशिक धोका मात्र बराचसा मायक्रोग्लिया या मेंदूतील संरक्षक पेशींकडे बोट दाखवतो. २०१६ साली सी४ या जनुकाचाही उलगडा झाला. चेतापेशींमधील नको असलेले जोड काढून टाकण्याच्या कामात त्याचा भाग असतो आणि किशोरवयात ही छाटणी जोरात चालते. आजार बहुधा कॉलेजच्या वयातच का उमटतो, याचा एक धागा त्यातून हाती लागला असावा, असे मला वाटते. बंगळूरुला निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आणि राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र आपल्याकडील रुग्णांच्या रक्तातून मूलपेशी तयार करून त्यांच्यापासून चेतापेशी वाढवतात. भारतीय कुटुंबांसाठी हे काम मला फार मोलाचे वाटते, कारण आजवरचे बरेचसे नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत.

हे सारे ज्ञान आजार कसा घडतो ते सांगते, तो कोणाला होईल ते सांगत नाही. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए सारखाच असतो, तरीही एकाला हा आजार असताना निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला तो होत नाही. सर्वसाधारणपणे १०० पैकी सुमारे एकाला हा आजार होतो. सख्ख्या काकाला असल्यास पुतणीच्या बाबतीत हे प्रमाण तीन-चारच्या आसपास जाते, म्हणजे ९६ जणींना तो होत नाही. तुमच्या मुलीने कॉलेजचे वय आजाराशिवाय ओलांडले असेल, तर धोका त्याहूनही कमी उरतो. गांजासारख्या व्यसनाने तो वाढतो, हे मात्र घरातल्या सर्वच तरुणांनी ध्यानात ठेवावे. बाहेरची बाधा किंवा आईच्या वळणातली चूक, यांचा या आजाराशी काहीही संबंध नाही.

मुलाकडच्यांना भावाचा आजार आणि हे आकडे दोन्ही मोकळेपणाने सांगा. लपवलेली गोष्ट पुढे मुलीलाच त्रास देते. त्यांची खात्री पटत नसेल, तर दोन्ही घरच्या मंडळींनी सोबत जिल्हा सामान्य रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो. लग्नाच्या गडबडीत भावाची एकही गोळी चुकू देऊ नका आणि हळदीच्या रात्री त्याला वेळेवर झोपू द्या, कारण औषध थांबले आणि जागरण झाले की आजार पुन्हा उसळण्याची भीती असते.