बहिणीला दाव्यात न घेतल्यास?

प्रश्न : वडिलोपार्जित शेतीच्या वाटपाचा दावा मी दोघा भावांविरुद्ध लावला. बहिणीने हक्क सोडल्याचं स्टॅम्पवर लिहून नोटरी करून दिलंय, म्हणून तिला घेतलं नाही. आता भावांचे वकील हरकत घेतात.

उत्तर : हरकत रास्त आहे. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं नसेल, तर त्या स्टॅम्पवर भिस्त ठेवू नका. बहिणीचा हिस्सा जागच्या जागी आहे. वाटपात प्रत्येक सहहिस्सेदार आवश्यक पक्षकार असतो. पक्षकार राहिला एवढ्यावरून दावा फेटाळू नये, असं दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 1 नियम 9 सांगतो, आणि बरेच जण तिथेच वाचायचं थांबतात. 1976 च्या दुरुस्तीने खाली परंतुक आलंय : आवश्यक पक्षकाराला ही सवलत नाही. नियम 10 खाली अर्ज देऊन बहिणीला प्रतिवादी करा. त्याला तिची संमती लागत नाही. ‘अपिलात बघू’ म्हणू नका. कनकरत्नम्मल प्रकरणात मुलीने आईच्या मिळकतीसाठी एकटीनेच दावा लावला, भावांना घेतलं नाही. सर्वोच्च न्यायालयात त्यांना सामील करण्याची विनंती केली, ती नाकारली गेली आणि दावा बुडाला.

प्रश्न : साठेखत करून विकणारा खरेदीखत देत नाही, म्हणून करारपूर्तीचा दावा लावलाय. त्याचा चुलतभाऊ म्हणतो, प्लॉट माझा, मलाही घ्या.

उत्तर : विरोध करा. करारात नसलेला आणि स्वतंत्र मालकी सांगणारा माणूस अशा दाव्यात आवश्यकही नाही, योग्यही नाही, असं कस्तुरी वि. अय्यंपेरुमल (2005) मध्ये ठरलंय. त्याने मालकीचा वेगळा दावा लावावा. मात्र इंडेक्स टू (दुय्यम निबंधकाकडचा नोंदलेल्या व्यवहारांचा उतारा) काढून बघा. साठेखतानंतर प्लॉट तिसऱ्याला विकलेला निघाला, तर त्या खरेदीदाराला घ्यावंच लागेल, तेही लवकर : त्याच्यापुरता दावा सामील केल्या दिवशी लागला असं सहसा धरतात, आणि मुदत तीन वर्षांची.

प्रश्न : एकमेव प्रतिवादी वारले. आता?

उत्तर : मृत्यूपासून 90 दिवसांत वारसांना रेकॉर्डवर आणा, नाहीतर दावा आपोआप संपतो. त्यापुढे तो जिवंत करायला 60 दिवस, तेही सबळ कारण असेल तर. समोरच्या वकिलाने मयताची पुरशिस (कोर्टाला दिलेली लेखी माहिती) द्यायला हवी हे खरं. तिची वाट बघत बसू नका.