खिशात रोज ठेवायला ओपिनेलचा घडीचा चाकू घ्यावा का, आणि पातं कार्बन स्टीलचं की स्टेनलेसचं?

घ्या की, पहिलाच असेल तर ८ नंबरच्या मापाचा. फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये बनवलेला हा शेतकऱ्यांचा चाकू, बीच लाकडाची मूठ, साडेआठ सेंमीचं पातं, आणि १९५५ पासून मुठीच्या पात्याकडच्या टोकावर फिरणारी लॉकची रिंग, त्यामुळे कापताना पातं बोटावर मिटत नाही.

कार्बनला धार पटकन लागते पण कैरी, लिंबू कापून तसाच ठेवला की पातं काळं पडतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर गंज ठरलेलाच, म्हणून आपल्याकडे रोजच्या वापराला मी स्टेनलेसच म्हणेन. कलेक्शनसाठी मात्र कार्बन, त्या काळपट पात्याची मजाच वेगळी. लाकूड ओलं झालं की फुगतं आणि पातं घट्ट अडकतं, मग रिंग मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पात्याचं टोक बाहेर येतं, साव्हुआची माणसं पण हेच करतात. (पाण्यात भिजत टाकू नका हो, भांडं नाहीये ते.)

विमानात केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्ये टाका. मॉल, मेट्रोला जाताना सरळ घरी ठेवा, सिक्युरिटीवाल्याशी कोण हुज्जत घालणार.