घोडा तुझा नसतो

प्रिय पोरी,

काल तुझी रील पाहिली. पुण्याच्या ट्रॅकवरची पहाट, नुकतीच सर पडून गेलेली, फुरफुरणारी तरुण घोडी, ती फिली, आणि वर कुठलंसं गाणं. छान दिसतं, नाही म्हणत नाही. पण मी ती तीनदा पाहिली ते फिलीच्या मागच्या पायाच्या पट्टीसाठी. तुला ती रोजची वाटली असेल, असेलही. मात्र रविवारी तिच्यावर पैसे लावणारे ती पट्टी मोठी करून बघणार, पायाला लागलंय की काय म्हणून. आमच्या वेळी अशी बातमी घोड्याची निगा राखणाऱ्या सईसाच्या तोंडून टपरीपर्यंत जायला दोन चहा लागायचे. आता तू स्वतःच्या हातानं, गाणं लावून देतेस.

आपण जॉकी म्हणजे दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारी माणसं. 1200 मीटरला जेमतेम सव्वा मिनिट लागतं. बाकीचा सगळा वेळ ते जनावर मालकाचं, ट्रेनरचं आणि रात्री त्याच्या बाजूला झोपणाऱ्या सईसाचं. तुझ्या प्रत्येक फोटोत त्यांची वस्तू असते. म्हणून ट्रेनरसाहेबांना विचारल्याशिवाय तबेल्यातलं काही टाकू नकोस.

आयर्लंडच्या ट्रेनर गॉर्डन एलियटचं उदाहरण बघ. त्यानं तयार केलेल्या टायगर रोल या घोड्यानं 2018 आणि 2019 अशी लागोपाठ दोनदा ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची मोठी शर्यत जिंकलेली. 2021 च्या फेब्रुवारीअखेर त्याचा जुना फोटो फिरू लागला: ट्रॅकवर मेलेला घोडा, त्याच्या अंगावर हा बसलेला, फोन कानाला. फोन आला आणि विचार न करता बसलो, असं त्यानं सांगितलं, माफीही मागितली. वर्षभराची बंदी झाली, त्यातले सहा महिने स्थगित, शिवाय सुनावणीच्या खर्चापोटी 15,000 युरो भरावे लागले. बंदी सप्टेंबरात संपलीसुद्धा. पण तोवर घोड्यांचे मालक असलेल्या चेव्हली पार्क स्टडनं आपले घोडे त्याच्याकडून काढून नेले होते. त्यांतले सर गेरहार्ड आणि क्विलिक्सिओस त्याच मार्चमध्ये चेल्टनहॅमच्या मोठ्या शर्यतींत जिंकले, दोन वेगवेगळ्या ट्रेनरांच्या नावावर. वर्षानुवर्षं घडवलेलं जनावर दुसऱ्याच्या नावानं जिंकताना बघणं काय असतं, ते मला विचार. माझ्याकडूनही एक राइड अशीच गेली होती, आणि कारण माझी जीभच होती.

शार्लट डुजार्डिननं तर काही टाकलंही नव्हतं. ऑलिंपिकची सहा पदकं असलेली ही ड्रेसाजची, म्हणजे घोड्याला तालात चालवण्याच्या खेळातली बाई 2024 मध्ये पॅरिसच्या तोंडावर स्पर्धेतून बाहेर पडली. काही वर्षांपूर्वी शिकवताना ती घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा चाबूक मारते आहे, असा दुसऱ्यानं काढलेला व्हिडिओ बाहेर आला. वर्षाची बंदी झाली आणि कष्टकरी घोड्यांसाठी काम करणाऱ्या ब्रुक संस्थेनं तिला आपल्या कामातून वगळलं. हे मी तुला कॅमेऱ्याची भीती घालायला सांगत नाही. तो व्हिडिओ नसता तरी घोड्याला लागलंच असतं ना? तुझा हात हलका आहे, मी पाहिलाय. पण हरलेल्या शर्यतीनंतर, हट्टी जनावरावर, कोणी बघत नसताना तो तसाच राहील का, ते तुलाच ठाऊक.

शिव्यांचं थोडक्यात. सगळ्यांनी पैसे लावलेली फेव्हरिट हरली की रात्री इनबॉक्स भरेल. आईबापावरून बोलतील, विकली गेलीस म्हणतील. उत्तर देऊ नकोस. धमकी असेल तर जपून ठेव आणि सकाळी शर्यतीचे नियम बघणाऱ्या स्ट्युअर्डांना दाखव. शर्यत का हरली याचा खुलासासुद्धा सोशल मीडियावर लिहायचा नाही. ‘घोडीत दमच नव्हता’ एवढं वाक्य पुरेसं असतं, मालकाचा मुलगा ते बापाला दाखवतो. बेटिंग ॲपवाले पैसे घेऊन येतील, त्यांना दारातूनच परत पाठव. जॉकीला पैज लावायची बंदी असते, मग दुसऱ्यांना लावायला तू कशी सांगणार?

जिंकल्यावर मात्र खुशाल टाक फोटो. आणि त्यात सईसालाही घे, नावासकट, त्याला विचारून. तो फोटो त्याच्या गावी घरोघर फिरतो, हे मी पाहिलंय.

ती रील आज काढून टाक. ट्रेनरसाहेबांना तूच सांग, दुसऱ्याकडून कळण्याआधी. आणि फिलीचा पाय आता कसा आहे, ते... नको, मलाही सांगू नकोस.

तुझा,
काका