बसणारा एकच, सायकली दोन कशाला?

बेळगावातल्या वडगावच्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलंय. वय 46, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये लेथवर. हातात पगार 27,000. वहिनी घरी फॉल-पिको करतात, त्याचे चार-पाच हजार. थोरला पुण्यात नोकरीला, स्वतःपुरतं कमावतो. धाकटी एसएसएलसी (दहावी) झाली, जूनपासून पीयूसीला (अकरावीला). सहा वर्षांपूर्वी घेतलेली शॉकअपची गिअरवाली सायकल हे रोज कामावर नेतात, जाऊन-येऊन 9 किलोमीटर. रविवारी मित्रांबरोबर येळ्ळूरचा राजहंसगड, नाहीतर जांबोटी रस्ता. आता बारीक टायरची, हलकी, 36,500 ची सायकल मनात भरली आहे. पिग्मी (रोज थोडे थोडे भरायची बचत) मोडून घ्यावी, की दुकानदार देतोय त्या बिनव्याजी हप्त्यांवर? वहिनींचं म्हणणं एका ओळीत आहे: ‘बसणारा एकच, सायकली दोन कशाला?’ आणि पत्राचा शेवट: ‘घेऊ काय नको, तेवढं सांगा की हो.’

सांगतो. पण आधी तुमच्या हिशेबातली एक चूक, कारण अख्खा निर्णय तिच्यावर उभा आहे.

तुम्ही लिहिलंय की सायकलमुळे वर्षाला सहा हजारांचं पेट्रोल वाचतं, म्हणजे नवी सायकल सहा वर्षांत वसूल. वाचतं हे खरं. महिन्याला 26 दिवस, 9 किलोमीटर, मोटारसायकलचं ॲव्हरेज 45 आणि पेट्रोल लिटरला शंभराच्या पुढे, या हिशेबाने आकडा बरोबर येतो. पण हे पैसे पहिल्या सायकलने वाचवलेत. ती सहा वर्षं वाचवतेच आहे. दुसरी आणली म्हणून तुम्ही कामावर दोनदा जाणार नाही. तीच बचत दुसरीच्या नावावर पुन्हा कशी मांडणार? एका म्हशीचं दूध दोन डेअरीत घातल्यासारखं होईल ते.

मग दुसरी सायकल नेमकं काय देते? पत्रात तीन गोष्टी आहेत: पहिली बिघडली तर हाताशी एक असावी, पावसात चांगल्या सायकलीची वाट लागू नये, आणि रविवारी मित्रांच्या मागे पडायला होऊ नये. तिसरी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी शब्दांत लिहिलीय. माझा अंदाज, खरं कारण तेच.

पहिलीचा हिशेब लगेच होतो. गेल्या वर्षी सायकल दुरुस्तीला म्हणून 11 दिवस रिक्षा-बस केली, दिवसाला साठेक रुपये. झाले 660. त्यासाठी 36,500 कोणी घालत नाही.

पावसाचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. मृग लागला की आपल्याकडे चार महिने सायकल पाण्यातच असते. जांबोटी-खानापूरकडची तांबडी माती तेलात कालवली की चेनवर खरकागद ओढल्यासारखं होतं. पावसाला एक आणि उघडिपीला एक, हा सायकलवाल्यांचा जुना आणि शहाणा विचार आहे. पण तुमच्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर, वेगळ्याच संदर्भात, एक वाक्य आहे: ‘थोरल्याची आठवीतली सरकारी सायकल परड्यात गंजत पडलीय.’

म्हणजे दुसरी सायकल घरात आहे. तुम्ही विचारताय ती तिसरी.

2006-07 पासून आपल्या कर्नाटकात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या पोरांना या सायकली मिळत होत्या. त्यांच्या दर्जावर लोक बरंच बोलले, काही बाबतीत बरोबरही बोलले. पण पावसासाठी लागतं ते सगळं तिच्यावर आहे: दोन्हीकडे पत्र्याचे पूर्ण मडगार्ड, मागे कॅरिअर, गिअरची भानगड नाही. शेड नसलेल्या ठिकाणी उभी केली तरी जीव कासावीस होणार नाही. दोन टायर, दोन ट्यूब, चेन, ब्रेक शू आणि ज्याला आपण सगळे ओव्हरऑयलिंग म्हणतो ते. (शब्द ओव्हरहॉलिंग आहे, पण तेल घातल्याशिवाय आपलं समाधान होत नाही.) वडगावातल्या मिस्त्रीकडे मजुरी धरून दोन हजारांच्या आत बसेल. सीट तेवढी वर घ्या, आठवीच्या पोराच्या उंचीवर असणार ती. लेकीच्या कॉलेजचा खर्च मात्र यातून वाचेल असं धरू नका. 11 जून 2023 पासून तिला सरकारी बस फुकटच आहे. तिला हौस असली तर तिने चालवावी, हिशेबात नको.

आता राहिला रविवार. हौस म्हणजे उधळपट्टी, असं मी मानत नाही. तुमच्या मोबाइलवरच्या नोंदीत गेल्या वर्षीचे 19 रविवार निघाले, म्हणजे हा उत्साह चार दिवसांचा नाही. 36,500 ची सायकल आठ वर्षं वापरून दहा हजाराला विकली असं धरू. वर्षाला घसारा साधारण 3,300, देखभाल 2,500. 19 रविवारांवर वाटले तर एका रविवारला 305 रुपये पडतात. दारू नाही, तंबाखू नाही असं लिहिणाऱ्या, आठवडाभर लेथसमोर उभं राहणाऱ्या माणसाने सकाळच्या तीन तासांसाठी 305 रुपये खर्चले, तर मला त्यात वावगं वाटत नाही. प्रश्न आहे तो हे पैसे कुठल्या खिशातून येतात याचा.

बिनव्याजी हप्त्यांकडे वळू. दुकानदार रोखीने 35,000 ला देतोय आणि हप्त्याने 36,500 ला, वर 500 रुपये प्रोसेसिंग आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे सहा महिन्यांसाठी 2,090 रुपये जास्त. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरलं, तर वर्षाच्या हिशेबाने हा दर 20 टक्क्यांच्या आसपास जातो. शून्य टक्क्यांच्या अशा योजनांत व्याज आत लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना सुनावलंय. आणखी एक विचारा: ही किंमत कधीची? सायकलींवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्के झालाय. 36,500 हा जुन्या दराचा आकडा असेल, तर नव्या दराने त्यात सुमारे 2,280 रुपये कमी व्हायला हवेत.

पिग्मी. रोज शंभर, वर्षाचे बरोबर 36,500, सायकलची किंमतही तेवढीच. तुम्हाला हा देवाचा कौल वाटला, ते मी समजू शकतो. पण वर्ष गणपतीला भरतंय. आज नऊ महिन्यांचे 27,000 जमा आहेत आणि मध्येच मोडली तर व्याज नाही, वर तीन टक्के कापणार, असं एजंटने सांगितलंय. म्हणजे 810 रुपये द्यायचे, वर पैसे अपुरेच. मोडू नका. जाता जाता: ही पिग्मी सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत आहे, बँकेत नाही. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं. रोजच्या शंभरासाठी ठीक आहे, पण भरलेली रक्कम पुन्हा तिथेच मुदत ठेवीत टाकू नका.

सायकलच्या गडबडीत तुम्ही दोन ओळींत उरकलेली एक गोष्ट मला जास्त टोचली. पगार 21,000 च्या वर गेल्यावर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) बंद झालं आणि त्यानंतर आरोग्य विमा घेतलेलाच नाही. बँकेत शिल्लक 40,000, घरखर्च महिन्याला 24,000, आणि कारखान्यात ओव्हरटाइम बंद झालाय. पीयूसीची फी वेगळी काढून ठेवलीत, ते चांगलं केलंत. पण रविवारी उतारावर हात मोडला, तर पिग्मी, बँकेतली शिल्लक आणि दोन्ही सायकली मिळून पुरणार नाहीत. तिघांच्या पॉलिसीला वर्षाला 18 ते 20 हजार लागतील असा माझा अंदाज. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही त्याच 22 सप्टेंबरपासून शून्यावर आलाय, त्यामुळे जुना ऐकीव आकडा धरून घाबरू नका.

तेव्हा माझं उत्तर: घ्या, पण आत्ता नाही आणि कोरी नाही. परड्यातली सायकल मृगाआधी उभी करा. गणपतीला पिग्मी हातात आली की आधी पॉलिसी. उरलेल्या सोळा-अठरा हजारांत, दसऱ्यानंतर पाऊस सरल्यावर, वापरलेली हलकी सायकल बघा. उत्साहाने घेतलेल्या आणि खुंटीला लागलेल्या चांगल्या सायकली टिळकवाडी-हिंदवाडीकडे थोड्या नाहीत. मी स्वतः अशीच एक कोरी घेऊन विकलीय. दुकानदाराकडे माझ्या मापाची फ्रेम नव्हती, त्याने ‘हीच बसेल’ म्हणत मोठी गळ्यात मारली, मानदुखीने दोन वर्षांत निम्म्या किमतीला द्यावी लागली. म्हणून आधी अर्धा तास चालवून बघा, मग भाव बोला.

तपासायचं कसं, हे तुम्हाला मी सांगणं म्हणजे गंमतच, तुम्ही मापं घेऊन दिवस काढणारे. चेनचा पिच अर्धा इंच. स्टीलची पट्टी एका पिनच्या मध्यावर लावून 24 पिच मोजा. नव्या चेनला बरोबर 12 इंच भरतील. दीडेक मिलिमीटर जास्त भरली तर चेन बदलायची वेळ आलीय. तीन मिलिमीटर भरली तर मागची चक्रंही गेली समजा आणि तेवढे पैसे भावातून कापा. सायकल उलटी करून पेडलच्या बेअरिंगखालचा फ्रेम नंबर बिलाशी जुळवून घ्या. बिल नसेल तर कितीही स्वस्त असो, नको.

तोवर या रविवारी परड्यातली ती सायकल बाहेर काढून नळाखाली धुवा. नवी वालट्यूब घालून दोन्ही चाकांत हवा भरा आणि रात्रभर सोप्यात उभी ठेवा. सकाळी हवा टिकलेली दिसली तर ट्यूबचे पैसेही वाचतील.