वाचकांचे प्रश्न : निळा रंग आधी का थकतो?

प्रश्न : माझा मोबाइल साडेतीन वर्षांचा झाला आहे. पडद्यावर पांढरे पान उघडले, की वरच्या कडेला घड्याळ आणि बॅटरी यांच्या खुणांचे पिवळसर ठसे दिसतात आणि ते काही केल्या जात नाहीत. ‘ओलेड पडद्याचे असेच होते’ एवढेच दुकानदार सांगतो. हे का होते आणि ते टाळण्यासाठी संशोधक काय करत आहेत? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ओलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि हा उजेड कार्बनयुक्त, म्हणजे सेंद्रिय रेणूंच्या अतिशय पातळ थरांतून येतो. घड्याळाची पांढरी खूण वर्षानुवर्षे एकाच जागी उजळत राहिल्याने तिथले निळे ठिपके इतरांपेक्षा जास्त झिजले आहेत. पांढऱ्यातला निळा उणा झाला, की उरते ते पिवळसर दिसते. सोनाराच्या भिंगातून पडदा पाहिलात, तर बहुतेक मोबाइलांत निळा ठिपका हिरव्यापेक्षा चांगलाच मोठा दिसेल. तेवढाच उजेड मोठ्या क्षेत्रफळातून घेतला, की रेणूंवरचा भार हलका होतो, म्हणून ही तजवीज केलेली असते.

निळाच का, याचे उत्तर ऊर्जेत आहे. लाल प्रकाशाच्या एका कणात सुमारे 2 इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणु-रेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचे एकक) ऊर्जा असते, निळ्यात सुमारे 2.7. विजेकडून ऊर्जा मिळालेल्या, म्हणजे उत्तेजित झालेल्या एकट्या रेणूला एवढी ऊर्जा बहुधा झेपते. पण शेजारी दुसरा उत्तेजित किंवा विद्युत्भारित रेणू असेल, तर एकाची ऊर्जा दुसऱ्याला मिळून बेरीज 5 च्या पुढे जाऊ शकते. कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातले नाजूक बंध त्यापेक्षा कितीतरी कमी ऊर्जेत तुटतात. तुटलेला तुकडा नुसता विझत नाही, तर जवळून जाणारे विद्युत्भार अडवतो आणि शेजाऱ्यांचा उजेडही गिळतो.

कार्यक्षमता आणि आयुष्य हे दोन वेगळे प्रश्न मानण्याची पद्धत मला म्हणूनच पटत नाही. जी ऊर्जा प्रकाश होऊन वेळेवर बाहेर पडत नाही, तीच पुढे रेणू मोडते. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये कोडॅक कंपनीत दोन थरांचे ओलेड उपकरण दाखवले, तेव्हा वाहत्या विजेच्या मानाने बाहेर पडणारा प्रकाश जेमतेम 1 टक्का होता. त्यामागचे एक मोठे कारण असे, की विजेने उत्तेजित झालेल्या अवस्थांपैकी 25 टक्के ‘सिंगलेट’ असतात आणि 75 टक्के ‘ट्रिपलेट’ (हे दोन प्रकार इलेक्ट्रॉनांच्या ‘स्पिन’ या गुणधर्माच्या मांडणीवरून पडतात). साध्या प्रतिदीप्त (फ्लुओरेसंट) रेणूत सिंगलेटच उजळतात, ट्रिपलेटची ऊर्जा उष्णतेत जाते. अमेरिकेत स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटांनी 1998 च्या सुमारास रेणूत प्लॅटिनम आणि पाठोपाठ इरिडियम हे जड धातू बसवून ट्रिपलेटही उजळवले. लाल आणि हिरव्या ठिपक्यांत हे तंत्र स्थिरावले. निळ्यात मात्र अडले, कारण ट्रिपलेट काही मायक्रोसेकंद, म्हणजे सिंगलेटच्या सुमारे हजारपट वेळ रेंगाळतो आणि निळ्याच्या ऊर्जेला तेवढी उसंत मिळाली, की वर सांगितलेली टक्कर, म्हणजे शेजारच्या रेणूंतली ऊर्जेची बेरीज, घडते. म्हणूनच बहुसंख्य मोबाइलांत निळा ठिपका अजूनही जुन्या, कमी कार्यक्षम प्रतिदीप्त पद्धतीचा आहे.

यावरचे उपाय रेणूच्या घडणीतून निघत आहेत. जपानमधील क्युशू विद्यापीठात चिहाया अदाची यांच्या गटाने 2012 मध्ये असे धातूविरहित रेणू दाखवले, की ज्यांत सिंगलेट आणि ट्रिपलेट यांच्या ऊर्जेतला फरक अगदी लहान असतो आणि खोलीच्या उष्णतेनेच ट्रिपलेट उलटा चढून सिंगलेट होतो. ताकुजी हाताकेयामा यांनी 2016 मध्ये बोरॉन आणि नायट्रोजन ठरावीक जागी बसवलेली ताठ चौकट घडवली. तिचा निळा रंग अरुंद आणि शुद्ध असतो. आता एक रेणू ऊर्जा गोळा करतो आणि अशी चौकट ती झटपट घेऊन उजळते, अशा जोड्या जुळवल्या जातात. मला हा मार्ग सर्वांत आशादायक वाटतो, कारण तो टकरीला वेळच देत नाही. फॉरेस्ट यांच्याच गटाने 2014 मध्ये निळ्या थरातील उजळणाऱ्या रेणूंचे प्रमाण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हळूहळू बदलत नेले. त्यामुळे उत्तेजित रेणूंची एकाच जागी होणारी गर्दी पसरली आणि आयुष्य सुमारे दहापट वाढले.

आपल्या पडद्यावरचा ठसा पुसता येणार नाही. पुढचा मोबाइल घ्याल, तेव्हा प्रकाश बेताचा ठेवा. तो निम्मा केला, तर आयुष्य दुपटीहून अधिक वाढते.

प्रश्न : ओलेड दूरदर्शन संचांच्या जाहिरातीत ‘ड्युटेरियम’ असा उल्लेख वाचला. त्याचा आयुष्याशी काय संबंध? — रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन. रायगड जिल्ह्यातील थळ येथे अणुभट्ट्यांसाठी जे जड पाणी तयार होते, त्यातला हायड्रोजन हाच. कार्बन-हायड्रोजन बंधातील हायड्रोजनच्या जागी तो बसवला, की वस्तुमान दुप्पट झाल्याने बंधाची कंपने मंदावतात आणि बंध तुटण्याचा वेग घटतो. रेणूचा आकार आणि रंग मात्र जवळजवळ तसेच राहतात. एलजी डिस्प्ले कंपनीने 2021 च्या अखेरीस असे पदार्थ वापरलेले पडदे जाहीर केले. असा रेणू महाग पडतो, त्यामुळे जिथे बंध सर्वांत आधी तुटतो, नेमक्या त्याच जागी ड्युटेरियम बसवण्याकडे रसायनतज्ज्ञांचा कल असतो.