घरचं सांडपाणी साफ करायला कर्दळीचा वाफा करताय? आधी एवढं बघा

सुरुवात न्हाणीघर आणि मोरीच्या पाण्यापासून करा. संडासाचं पाणी यात अजिबात नको.

चौघांच्या घरातून दिवसाला साधारण 300 लिटर पाणी येत असेल तर 4 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 60 सेंटिमीटर खोल चर पुरतो. तळाला आणि कडांना शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद, आत 10 ते 20 मिलिमीटरची धुतलेली खडी. त्यात पाणी दोन-अडीच दिवस रेंगाळतं आणि तेवढं थांबायलाच हवं. खरी सफाई खडीवर, मुळांवर वाढणारे जिवाणू करतात. कर्दळ त्यांना आसरा आणि थोडा प्राणवायू देते, शिवाय नत्र-स्फुरद शोषते. म्हणून नुसत्या चार कुंड्यांनी काही होत नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- मोरीतलं तेल-खरकटं आधी चेंबरमध्ये (वाफ्याच्या अलीकडच्या छोट्या टाकीत) अडवत नाहीत, मग खडी तोंडाशीच तुंबते. चेंबर दर आठवड्याला साफ करा.
- खडीऐवजी माती किंवा कच (दगडाचा बारीक चुरा) भरतात.
- पाणी खडीच्या वर येऊ देतात आणि डास होतात. बाहेरच्या पाइपाला एल्बो (काटकोनी जोड) लावून पातळी 5 ते 10 सेंटिमीटर खाली ठेवा.
- कंद लावल्या दिवशीच सगळं पाणी सोडतात. मुळं धरेपर्यंत, निदान महिनाभर, निम्मंच सोडा.

जलपर्णी फुकट मिळाली तरी आणू नका, ती ओढ्यात पसरली की आवरत नाही.

बाहेर पडलेलं पाणी नारळ-केळीला चालेल. कोथिंबीर-मेथीला देऊ नका.